मधूनच पेटणारा बॅटरीचा दिवा: जुन्या स्पोर्ट्‌स कारमधील दोष कसा शोधावा

आर्वीहून पुलगावकडे येताना एका संध्याकाळी माझ्या गाडीच्या डॅशबोर्डवरील बॅटरीच्या चिन्हाचा लाल दिवा मंदसा पेटला आणि पाचेक मिनिटांनी आपोआप विझला. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी गॅरेजमध्ये नेली, तेव्हा तो अर्थातच पेटला नाही. पुढचे तीन महिने हाच खेळ चालू राहिला. दिवा पेटे तेव्हा मिस्त्री जवळ नसे आणि मिस्त्री जवळ असे तेव्हा दिवा पेटत नसे. शेवटी "डायनामोच गेला भाऊ, बदलून टाका, काहून डोकं लावता?" असा सल्ला मिळाला. मी तो मानला, अल्टरनेटर (इंजिनाच्या पट्ट्यावर फिरून वीज तयार करणारे यंत्र, मिस्त्रीलोक त्यालाच डायनामो म्हणतात) बदलला, आणि त्याच संध्याकाळी घरी परतताना दिवा पुन्हा तसाच मंद पेटला. जो दोष शोधायला खरे तर एक मल्टिमीटर आणि अर्धा तास पुरला असता, त्यासाठी मी एक चांगला अल्टरनेटर काढून टाकला होता. हा लेख त्या अर्ध्या तासाविषयी आणि त्याआधी करावयाच्या तयारीविषयी आहे.

गाडी म्हणजे सॅन स्टॉर्म. १९९० च्या दशकाच्या अखेरीस गोव्यात बांधली गेलेली ही दोन आसनांची गाडी आजच्या वाचकांपैकी अनेकांनी पाहिलेली नसेल. तिचे इंजिन रेनॉचे, ११४९ सीसीचे आहे आणि अंग फायबरग्लासचे आहे. हा फायबरचा मुद्दा पुढे महत्त्वाचा ठरणार आहे, कारण पत्र्याच्या गाडीत प्रत्येक दिव्याची परतीची वीज गाडीच्या अंगातूनच बॅटरीकडे जाते, तर फायबरच्या गाडीत तिला स्वतंत्र काळी तार लागते आणि अशा साऱ्या तारा खालच्या लोखंडी सांगाड्यावरील मोजक्या बोल्टांवर एकत्र येतात. मात्र पुढील पद्धत केवळ या गाडीपुरती नाही. ज्या जुन्या गाडीत बॅटरीचा दिवा कॉम्प्युटरच्या मध्यस्थीशिवाय थेट अल्टरनेटरला जोडलेला आहे, त्या कोणत्याही गाडीला ती लागू पडते.

आधी कोणता दिवा, ते पाहावे

मधूनच पेटणाऱ्या प्रत्येक दिव्याचा शोध गाडी चालवत घेता येत नाही. तेलाच्या झारीचे चिन्ह पेटले तर गाडी बाजूला घेऊन इंजिन त्याच क्षणी बंद करावे. डिपस्टिकने तेल पाहावे आणि तेल पुरेसे असले तरी दाबाच्या स्विचच्या जागी यांत्रिक गेज लावून दाब मोजल्याशिवाय इंजिन चालवू नये. 'बहुधा स्विच खराब असेल' हा अंदाज बरेचदा खरा ठरतो, पण तो चुकला तर बेअरिंगे जातात. ब्रेकचा दिवा वळणावर किंवा चढावर पेटत असेल तर ब्रेक ऑइलची पातळी तळाच्या खुणेजवळ आलेली असते, आणि ती का उतरली, म्हणजे लायनर झिजले की कुठे गळती आहे, हे तपासेपर्यंत गाडी शेडमध्ये असलेली बरी. इंजिनाचा पिवळा दिवा ही वेगळी गोष्ट आहे. तो मागे दोषाचा कोड, म्हणजे ठरावीक आकडा, ठेवून जातो. १९८९ ते १९९७ या काळातील पहिल्या पिढीच्या माझदा एमएक्स-५ मध्ये तर बॉनेटखालील डायग्नोसिस डबीतील टेन आणि ग्राउंड ही दोन टोके तारेच्या तुकड्याने जोडून चावी फिरवली, की तोच दिवा लांब आणि आखूड मिचकावून कोड सांगतो.

बॅटरीचा दिवा असा कोणताही कोड ठेवत नाही. तो विझला की पुरावाही संपतो, आणि म्हणूनच त्याच्यासाठी पद्धत लागते.

दिवा नेमके काय सांगतो

या दिव्याचे एक टोक चावीच्या स्विचमधून येणाऱ्या विजेला जोडलेले असते आणि दुसरे टोक अल्टरनेटरच्या डी प्लस नावाच्या लहान टोकाला जोडलेले असते. चावी फिरवली, पण इंजिन सुरू केलेले नाही, अशा वेळी एका टोकावर बॅटरीचे सुमारे १२ व्होल्ट असतात, तर दुसरे टोक कार्बन ब्रश (फिरत्या भागाला वीज पोहोचवणारे कार्बनचे तुकडे) आणि आर्मेचर (अल्टरनेटरच्या आत फिरणारे तारांचे वेटोळे) यांतून अर्थला, म्हणजे सांगाड्यातून बॅटरीच्या ऋण टोकाला, पोहोचलेले असते. त्यामुळे दिव्यातून वीज वाहते आणि तो लख्ख पेटतो. तीच थोडीशी वीज आर्मेचरला पहिले चुंबकत्व देते. इंजिन सुरू होऊन अल्टरनेटर वीज तयार करू लागला, की डी प्लसवरही १४ व्होल्टच्या आसपास दाब येतो. आता दिव्याच्या दोन्ही बाजूंना जवळजवळ सारखाच दाब असतो, म्हणून तो विझतो.

यातून जो निष्कर्ष निघतो तो मिस्त्रीलोक सहसा लक्षात घेत नाहीत, आणि मीही घेतला नव्हता. हा दिवा 'चार्जिंग होत नाही' असे सांगत नाही. त्याच्या दोन टोकांमध्ये फरक आहे, एवढेच सांगतो. डी प्लसचा दाब खाली आला तर तो पेटेल, तसाच डी प्लस व्यवस्थित १४ वर असताना चावीकडून येणारा दाब १२ च्या खाली घसरला तरीही पेटेल. पहिल्या प्रकारात दोष अल्टरनेटरकडे आहे आणि दुसऱ्या प्रकारात अल्टरनेटर पूर्णपणे निर्दोष आहे. दिव्याकडे पाहून हे दोन प्रकार वेगळे ओळखू येत नाहीत. मीटरने मात्र एका क्षणात ओळखू येतात.

आणखी एक गोष्ट या रचनेतून निघते. डी प्लसची तार तुटली किंवा तिचे थिंबल (टोकावरचा धातूचा जोड) सैल झाले तर दिवा पेटत नाही, उलट तो चावी फिरवल्यावरही पेटायचा थांबतो. 'कुठेतरी लूज कॉन्टॅक्ट असेल, म्हणून दिवा लागतोय' हे वाक्य इतर दिव्यांबाबत खरे असू शकते, पण या तारेबाबत ते उलटे आहे. म्हणून रोज चावी फिरवताना हा दिवा पेटतो की नाही, हे आवर्जून पाहावे.

वही

मीटर हातात घेण्याआधी किमान पंधरा दिवस नोंदी ठेवाव्यात. हे काम कंटाळवाणे आहे आणि नेमके तेच बहुतेक जण टाळतात, पण मधूनच होणारा दोष हा योगायोग नसतो. त्याला एक ठरावीक परिस्थिती लागते आणि ती परिस्थिती आपल्याला माहीत नसते, इतकेच. वहीत वेळ, इंजिन सुरू होऊन किती मिनिटे झाली, हेडलाइट, फॉगलाइट, पंखा आणि वायपर यांपैकी काय चालू होते, रस्ता कसा होता, पाऊस होता का, आणि इंजिनाचा वेग वाढवल्यावर दिवा कमी झाला की वाढला, हे लिहावे. सर्वांत महत्त्वाची नोंद प्रकाशाची आहे. चावी फिरवल्यावर दिवा जितका लख्ख पेटतो, तितकाच तो चालत्या गाडीत पेटला, की त्याहून मंद होता, हे प्रत्येक वेळी लिहावे. गाडी चालवताना लिहिणे शक्य नसते आणि तसा प्रयत्नही करू नये. मोबाइल स्टँडवर डॅशबोर्डकडे तोंड करून लावावा, चित्रीकरण सुरू ठेवावे आणि घरी आल्यावर पाहावे. आवाजही नोंदला जातो, त्यामुळे पट्टा किंचाळला असेल तर तेही कळते.

माझ्या वहीत सतरा नोंदी झाल्या. त्यांपैकी चौदा अंधार पडल्यानंतरच्या होत्या, सर्व चौदा नोंदींमध्ये दिवा मंद होता, आणि प्रत्येक वेळी फॉगलाइट लावून किमान पंधरा मिनिटे झालेली होती. उरलेल्या तीन नोंदी दिवसाच्या, लख्ख प्रकाशाच्या, क्षणभराच्या आणि गतिरोधकावरच्या होत्या. वही समोर ठेवून पाहिल्यावर ध्यानात आले की हा एक दोष नव्हताच. दोन वेगवेगळे दोष एकच दिवा पेटवत होते. मी तीन महिने ते एक समजून चाललो होतो, म्हणून कोणताच तर्क जुळत नव्हता.

ढोबळमानाने असे समजावे. इंजिन मंद फिरत असताना दिवा पेटतो आणि थोडी रेस दिल्यावर विझतो, तर पट्ट्याचा ताण आणि कार्बन ब्रश आधी पाहावेत. पहिल्या पावसात, किंचाळल्याच्या आवाजासह पेटतो, तर पट्टा घसरतो आहे. इंजिनाच्या वेगाबरोबर मंद प्रकाश वाढत जातो, तर डायोड प्लेटचा (अल्टरनेटरची वीज एकाच दिशेने वळवणाऱ्या डायोडांच्या पट्टीचा) संशय घ्यावा. हेडलाइट आणि पंखा लावल्यावर मंद पेटतो आणि ते बंद केल्यावर विझतो, तर चावीच्या बाजूच्या तारांकडे वळावे. खड्ड्यात क्षणभर लख्ख पेटतो, तर डी प्लसची तार कुठेतरी लोखंडाला टेकते आहे किंवा झिजलेला ब्रश आपली जागा सोडतो आहे.

ब्रेक दाबला किंवा इंडिकेटर लावला की भलतेच दोन-तीन दिवे एकत्र मंद पेटतात, हा प्रकार फायबरच्या अंगाच्या गाड्यांत विशेष आढळतो. अर्थची तार खराब झाली की वीज परतीचा मार्ग दुसऱ्याच दिव्यांतून शोधते. असे दिसल्यास बाकी सर्व सोडून आधी अर्थचे बोल्ट काढावेत, पॉलिश पेपरने धातू चमकेपर्यंत घासावेत, थिंबलेही घासावीत आणि पुन्हा घट्ट बसवावेत. आपल्याकडच्या काळ्या मातीची बारीक धूळ त्या बोल्टांवर बसते, पावसाळ्यात ओल धरते आणि थिंबलाखाली हिरवट बुरशीसारखा थर साचतो. वरून पाहताना बोल्ट मात्र नीट आवळलेला दिसतो.

मीटर विश्वासू आहे का

तालुक्याच्या ठिकाणी इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणारा साधा डिजिटल मल्टिमीटर या कामाला पुरतो, पण त्याची सेल ताजी असावी. सेल उतरलेला स्वस्त मीटर प्रत्यक्षापेक्षा जास्त व्होल्ट दाखवतो आणि मग माणूस धडधाकट अल्टरनेटरच्या कटआउटला, म्हणजे दाब मर्यादेत ठेवणाऱ्या भागाला, दोष देत बसतो. नवी सेल घालून बॅटरी मोजावी. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत चांगल्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा यावा, १२.२ च्या खाली असेल तर बॅटरी आधी पूर्ण चार्ज करावी, कारण अर्धवट बॅटरीवर केलेली पुढची प्रत्येक मोजणी फसवी ठरते. इंजिन सुरू करून साधारण २००० फेऱ्यांवर ठेवले असता बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट यावेत. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि बॉनेटखाली त्याहून कितीतरी अधिक उष्णता असते, तेव्हा १३.५ व्होल्ट दिसले तर घाबरू नये. अनेक कटआउट उष्णता वाढल्यावर बॅटरी उकळू नये म्हणून मुद्दामच दाब कमी करतात.

डायोड तपासण्यासाठी मीटर एसीवर ठेवून बॅटरीच्या दोन टोकांमध्ये मोजतात. आकडा अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आला तर डायोड प्लेट संशयास्पद समजावी. मात्र काही स्वस्त मीटर एसीवर ठेवल्यावर डीसीलाच एसी समजून पंचवीस-तीस व्होल्टसारखा अचाट आकडा दाखवतात. म्हणून लाल आणि काळी टोके उलटी लावून पुन्हा मोजावे; दोन्ही वेळा आकडा सारखा आला तरच तो खरा मानावा.

एक प्रथा येथे स्पष्टपणे नाकारली पाहिजे. इंजिन चालू असताना बॅटरीची तार काढायची आणि गाडी चालूच राहिली तर डायनामो ठीक, असे समजायचे, ही तपासणी अजूनही अनेक गॅरेजांत केली जाते. जुन्या डायनामोच्या ट्रॅक्टरवर ती कदाचित निभावली असेल. अल्टरनेटरच्या गाडीत मात्र बॅटरी सुटताच दाब एकदम उसळतो आणि डायोड, कटआउट व इंजिनाचे इलेक्ट्रॉनिक युनिट जळू शकते. गाडी आपली आहे. कोणी कितीही अनुभवी असला तरी असे करू देऊ नये.

वजा चिन्हाची तपासणी

आता मुख्य काम. ज्या दोन टोकांमधील फरकामुळे दिवा पेटतो, त्याच दोन टोकांवर मीटर लावायचा आहे. अल्टरनेटरच्या डी प्लस टोकावरून एक बारीक तार एक अँपिअरचा फ्यूज मध्ये घालून केबिनमध्ये आणावी. ती पट्टा, पंखा आणि सायलेन्सर यांच्यापासून दूर, प्लॅस्टिकच्या टायने जागोजागी बांधलेली असावी. दुसरी तार, तीही तशाच फ्यूजसह, दिव्याला चावीकडून वीज देणाऱ्या फ्यूजच्या बाहेर जाणाऱ्या बाजूवरून घ्यावी. कोणता फ्यूज तो, हे माहीत नसेल तर चावी फिरवून, दिवा लख्ख पेटलेला असताना एकेक फ्यूज काढून पाहावा. ज्याने दिवा विझतो तो आपला. मीटरची लाल तार चावीकडच्या टोकाला आणि काळी तार डी प्लसला जोडावी, आणि मीटर शेजारच्या आसनावर, मोबाइलच्या चित्रीकरणात दिसेल असा ठेवावा.

चावी फिरवल्यावर, इंजिन बंद असताना, मीटर दहा-अकरा व्होल्टच्या आसपास दाखवेल आणि दिवा पेटलेला असेल. इंजिन सुरू झाल्यावर आकडा शून्याजवळ यावा. अर्ध्या व्होल्टच्या आतला फरक चालतो. यानंतर वहीतील परिस्थिती मुद्दाम निर्माण करावी. माझ्या बाबतीत ते सोपे होते: अंधार पडू द्यायचा, फॉगलाइट, हेडलाइट आणि पंखा लावायचा आणि वाट पाहायची. गाडी शेडमध्ये उभी होती, पुतण्या चालकाच्या आसनावर बसून रेस सांभाळत होता. पहिली दहा मिनिटे आकडा उणे ०.६ वर होता. मग तो हळूहळू सरकू लागला. उणे ०.९, उणे १.४; अठराव्या मिनिटाला उणे २.३ झाला आणि पुतण्या म्हणाला, "काका, लागला."

त्या वजा चिन्हाने सगळे सांगितले. लाल तार चावीकडे असताना आकडा वजा येतो, याचा अर्थ चावीकडचा दाब डी प्लसपेक्षा कमी आहे. लगेच दोन्ही बाजू वेगवेगळ्या, बॅटरीच्या ऋण टोकाशी मोजल्या: डी प्लसवर १४.१ आणि चावीकडे ११.८. अल्टरनेटर त्याचे काम चोख करत होता. आकडा अधिक चिन्हाचा आला असता, तर शोध अल्टरनेटरकडे, म्हणजे पट्टा, ब्रश, कटआउट आणि डायोड यांच्याकडे गेला असता. दिवा अंधारातच का दिसत होता, याचाही उलगडा झाला. बारा व्होल्टच्या दिव्याला जेमतेम सव्वादोन व्होल्ट मिळाले तर त्याची तार फक्त लालसर होते; उन्हात ती दिसणे शक्यच नाही.

ज्यांनी डॅशबोर्डचे दिवे हौसेने एलईडी करून घेतले आहेत त्यांनी या एका जागी मूळचा तारेचा दिवा परत बसवावा. साध्या एलईडीतून आर्मेचरला पुरेशी वीज मिळत नाही, त्यामुळे बऱ्याच रेसनंतरच चार्जिंग सुरू होते, आणि तिच्यातून वीज एकाच दिशेने जात असल्याने वजा दिशेचा दोष तिला दिसतच नाही.

दाब कुठे गळतो

दोषाची बाजू कळली, की बॅटरीपासून पायरीपायरीने पुढे जावे. सर्व दिवे चालू ठेवून, दोष प्रत्यक्ष घडत असताना, मीटरचे लाल टोक बॅटरीच्या धन टोकावर स्थिर ठेवावे आणि काळे टोक एकेका सांध्यावर पुढे नेत जावे. आकडा जिथे एकदम उडी मारतो, त्याच्या आणि त्याआधीच्या सांध्यामध्ये दोष असतो. येथे तारांचा नकाशा हाताशी असेल तर उत्तम, पण नसला तरी अडत नाही, कारण रंग धरून चालता येते.

माझ्याकडे स्विचला येणाऱ्या तारेपर्यंत ०.२ व्होल्टचा फरक होता, जो मान्य आहे. स्विचच्या पलीकडे ०.५ झाला, तोही जुन्या स्विचला शोभणारा. त्यापुढच्या कपलरनंतर (तारा जोडणाऱ्या प्लॅस्टिकच्या सांध्यानंतर) मात्र तो थेट २.६ वर गेला. गाडी बंद करून, बॅटरीची ऋण तार काढून, स्टिअरिंगखालचे आवरण उघडले. कपलरचे पांढरे प्लॅस्टिक एका कप्प्यापुरते चहाच्या रंगाचे झाले होते आणि त्यातील पितळी पिन निळसर काळी पडली होती. त्या तारेवर, कपलरपासून चार बोटांवर, चिकटपट्टीचा एक जाड गोळा होता. चिकटपट्टी सोलली तेव्हा आत दोन तारा नुसत्या पीळ देऊन जोडलेल्या निघाल्या. पूर्वीच्या कोणा मालकाने फॉगलाइट बसवून घेताना त्यांची वीज बॅटरीकडून न घेता हाताशी आलेल्या चावीच्या तारेतून घेतली होती. ५५ वॉटचे दोन दिवे म्हणजे नऊ अँपिअरहून अधिक वीज, आणि ती अशा पिनेतून, जी गाडी बांधणाऱ्यांनी त्या भारासाठी कधी दिलेलीच नव्हती. पिन तापे, तापल्यावर तिची पकड सैल होई, पकड सैल झाली की ती अधिक तापे. अठरा मिनिटे लागत होती ती याच कारणाने.

दुरुस्ती करताना जळकी पिन घासून परत वापरू नये, कारण तापलेल्या पितळाची लवचिकता गेलेली असते. नवी पिन किंवा नवा कपलर घालावा, तारेचा काळा पडलेला भाग चकचकीत तांबे लागेपर्यंत कापून टाकावा आणि जोड कैयाने रांगण (सोल्डर) देऊन त्यावर आकसणारी नळी चढवावी. फॉगलाइटसाठी स्वतंत्र रिले (थोड्या विजेने मोठी वीज चालू-बंद करणारा स्विच) बसवावा: बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरात १५ अँपिअरचा फ्यूज, तेथून अडीच चौरस मिलिमीटरची तार रिलेला, आणि चावीकडच्या जुन्या तारेने फक्त रिलेची कॉइल चालवावी. दिव्यांची काळी तार फायबरवर स्क्रूने न लावता सांगाड्यापर्यंत न्यावी. मी स्वतः एका पाहणीत पाहिले आहे की वायरमनने ती फायबरच्या पट्टीवरच घट्ट आवळली होती आणि दिवा का लागत नाही म्हणून बल्ब बदलत होता.

गतिरोधकावरचा दुसरा दोष

तीन लख्ख नोंदींचा शोध वेगळ्या प्रकारे घ्यावा लागला. डी प्लसची तार अल्टरनेटरवरून काढावी, तिचे टोक चिकटपट्टीने झाकावे आणि चावी फिरवावी. तार सुटी असल्यामुळे दिवा पेटता कामा नये. पेटला, तर तार वाटेत कुठेतरी लोखंडाला टेकली आहे. नाही पेटला, तर इंजिन बंदच ठेवून एकाने दिव्याकडे पाहत बसावे आणि दुसऱ्याने ती तार ज्या ज्या वाटेने जाते तिथे तिथे हाताने हलवावी, दाबावी, किंचित ओढावी. आमच्याकडे अल्टरनेटरच्या खालच्या क्लॅम्पजवळ हात गेला आणि आतून "लागला" असा आवाज आला. तारेवरचे आवरण बोटाच्या पेराएवढ्या लांबीत नव्हतेच. बारीक दातांच्या खुणा स्पष्ट दिसत होत्या.

त्या हंगामात भाव वाढण्याची वाट पाहत घरचा कापूस शेडच्या अर्ध्या भागात भरून ठेवला होता आणि गाडी उरलेल्या अर्ध्यात उभी होती. सरकीच्या मागे उंदीर येतात आणि इंजिनाची ऊब त्यांना आवडते. तूर, सोयाबीन किंवा कापूस साठवलेल्या जागी गाडी ठेवावी लागत असेल तर पंधरा दिवसांतून एकदा बॉनेट उघडून विजेरीने खालच्या तारा पाहाव्यात. कापसाचे बोंडभर पुंजके इंजिनाच्या खाचेत दिसले तर उंदरांनी घर केले आहे असे समजावे. हे पुंजके काढलेच पाहिजेत, कारण ते सायलेन्सरच्या नळीजवळ असले तर प्रश्न दिव्याचा राहत नाही.

या तपासणीत काहीच हाती लागले नसते, तर मी ब्रश काढून पाहिले असते. पाच मिलिमीटरपेक्षा कमी उरलेला कार्बन बदलणेच योग्य, आणि ब्रश ज्यावर घासतात ती तांब्याची कडी खोल चरली असेल तर नुसते नवे ब्रश घालून फार दिवस निभावत नाही.

ओलाव्यामुळे दिवा पेटतो अशी शंका असेल तर पाणी साध्या फवारणीच्या बाटलीने, एका वेळी एकाच कपलरवर, धुक्यासारखे मारावे. शेतातील फवारणीचा पंप हाताशी असतो म्हणून तो वापरू नये. औषधाचे अंश त्यात कितीही धुतले तरी राहतात आणि ते तांबे खातात. ट्रॅक्टर धुण्याच्या जोरदार पाण्याने इंजिन धुण्याचा विचारही करू नये.

दुरुस्तीनंतर केबिनमधील दोन तारा आणि मीटर लगेच काढू नयेत. मी ते महिनाभर तसेच ठेवले, वही चालू ठेवली, आणि फॉगलाइट, हेडलाइट व पंखा लावून आर्वी ते पुलगाव हे ३५ किलोमीटरचे अंतर सहा वेळा रात्री कापले. आकडा उणे ०.३ च्या पुढे गेला नाही. काढलेला जुना अल्टरनेटर आर्मेचर वाइंडिंगच्या दुकानात बाकावर फिरवून पाहिला, १४.२ व्होल्ट देतो. तो आता कापडात गुंडाळून, उंदरांपासून दूर, फळीवर ठेवला आहे.